बिनफोडणीचं पिठलं

"बाई, उद्यापासून गाडी इथं लावायची नाही."

नाईकनवरे साहेब हे बोलले तेव्हा माझा हात पिठात होता. सुयोग पार्क नावाच्या बिल्डिंगच्या फाटकाशी, कडुनिंबाच्या सावलीत माझा टेम्पो उभा असायचा. मागचं दार उघडलं की आत दोन शेगड्या, परात, तवा, पुढे फळी आणि फळीवर ताटल्या. एवढंच माझं हॉटेल. साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले आणि सोसायटीचे चेअरमन. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. काठीची गरज कधीच नव्हती, ती दाखवायला होती.

का म्हणून विचारलं, तर तक्रार आहे म्हणाले. कुणाची, तर सोसायटीची. मी म्हणाले, सोसायटीला तोंड असेल तर तिला माझ्यासमोर आणा, मी तिच्याशी बोलते. त्यावर त्यांनी वॉचमनला हाक मारली. वॉचमन माझ्याकडे रोज फुकट जेवायचा. तो आला आणि माझ्याकडे न बघता फळीवरच्या ताटल्या एकावर एक ठेवायला लागला.

मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे पाहिलं. काकू तिथे उभी होती. साहेबांची बायको. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. एक शब्द. तिने दोरीवरचा टॉवेल काढला, त्याची घडी केली, सावकाश केली, आणि आत गेली. दार लागल्याचा आवाज खाली आला नाही, पण मला तो ऐकू आला.

मी टेम्पो चालू केला तेव्हा तव्यावर भाकरी तशीच होती. वळणावर ती तव्यासकट घसरून खाली पडली. थांबून उचलली नाही.

काकूंबद्दल सांगायला पाहिजे. सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या खाली उतरायच्या आणि टेम्पोच्या पलीकडच्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, म्हणजे वरून कुणाला दिसू नये. एक भाकरी, त्यावर पिठलं, ठेचा. उभ्यानेच खायच्या. अंगावर सोनं होतं, पायात चांगली चप्पल होती, आणि खायच्या शाळेतून पळून आलेल्या पोरीसारख्या. खाता खाता बोलायच्या. मीही बोलायचे. माझा नवरा सुरतेला लूमवर गेला तो तिकडेच दुसरं घर मांडून बसला होता. मूल नव्हतं. माहेरी भावजय दार उघडायची, पण अर्धंच. या गावात मला नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं. बाकी सगळ्यांना मी "ओ भाकरीवाली" होते. काकू "मथुरे" म्हणायच्या.

एकदा पिठलं खाता खाता त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मथुरे, मी गेले की कडू घास तूच आण गं. या बिल्डिंगमधल्यांना माहीतच नाही ते. हॉटेलातून पनीर मागवतील."

मी म्हणाले, "तुम्ही कशाला जाताय. आधी मीच जाईन, अशी उन्हात भाजून."

"तू नाही जायची. तुझ्यात लई राग आहे. रागीट माणूस लवकर मरत नाही."

कडू घास म्हणजे काय ते ज्याला माहीत नसेल त्याला सांगते. ज्या घरात मयत होते त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे नाहीतर शेजारी आपल्या घरून भाकरी-पिठलं करून नेतात. आमच्या गावात त्या पिठल्याला फोडणी देत नाहीत. फोडणीचा चरचराट आणि वास म्हणजे आनंदाच्या घरची खूण. आणि नेणाऱ्याने नुसतं ठेवून यायचं नाही. तिथे बसायचं. घरच्यांच्या तोंडात एक घास जाईपर्यंत उठायचं नाही. पैशाचं तर नावच नाही.

शेवटच्या वेळी आल्या तेव्हा काकू खूप बोलल्या. भाकरी हातात तशीच राहिली. मग पदराने डोळे पुसले, रिकामी पिशवी घेऊन वर गेल्या, आणि त्यानंतर खाली आल्याच नाहीत. आले ते साहेब. मी काय ते समजले. म्हाताऱ्याला कळलं होतं, बायको खाली जाऊन कुणाशी बोलते ते.

मग सुरू झाली जागेची शोधाशोध. रस्ता कुणाच्या बापाचा नसतो असं लोक म्हणतात. असतो. दर दहा फुटाला वेगळा बाप असतो. कॉलेजपुढे गाडी लावली तर कॅन्टीनवाल्याने दोन पोरं पाठवली. पोरं गोड बोलली, त्याचीच जास्त भीती वाटली. कोर्टापुढे युनियनचा बोर्ड होता, मेंबर व्हा म्हणाले, आणि मी होते मेंबर म्हटलं तर भरती बंद आहे म्हणाले. दवाखान्याबाहेर औषधाचा दुकानवाला माझ्या चाकांपाशी रोज सकाळी बादलीभर पाणी ओतायचा, धूळ बसावी म्हणून. धूळ माझ्याच गिऱ्हाइकांच्या पायाखाली होती. एसटी स्टँडवर शहाळेवाला म्हणाला, "ताई, जागा माझी नाही, पण कुणाची आहे ते सांगितलं तर तू उद्या येणार नाहीस." एकाने जागा द्यायची तयारी दाखवली. बदल्यात काय पाहिजे ते त्याने बोलून नाही, बघून सांगितलं. त्याच्या पायावर उकळतं पिठलं सांडलं. चुकून. मी आजही चुकूनच म्हणते.

सगळीकडून हाकललेलं माणूस शेवटी जिथे जातं तिथेच मी गेले. गावाबाहेर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक वळण आहे, त्याच्यापुढे स्मशान. वळणावर मोकळी जागा, चिंचेचं झाड, नळ. तिथे कुणाचा बाप नव्हता. तिथे सरणाची लाकडं रचायला लिंबाजी नावाचा माणूस होता. पन्नाशीचा, बोलायला मोजका. पहिल्या दिवशी टेम्पोभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "इथनं तुला कुणी हाकलणार नाही. पण खाणार पण नाही कुणी. मढं पोचवून आलेला माणूस आंघोळीआधी पाणी पीत नाही."

मला ते ठाऊक होतं. मी तिथे विकायला थांबतच नव्हते. सकाळी तिथे स्वयंपाक करायचा, मग डबे भरून गाव पालथं घालायचं, जिथे कुणी दटावेल तिथून पुढे सरकायचं, आणि अंधार पडायच्या आत परत चिंचेखाली. गावातल्या माणसांपेक्षा ती मेलेली शेजारी बरी होती. त्यांची तक्रार नसायची.

असे महिने गेले. मग एक जागा चालून आली. हायवेच्या पलीकडे सुती गिरणी होती, तिच्या फाटकाची सगळी व्यवस्था बळी नावाचा माणूस बघायचा. त्याने माझं पिठलं खाल्लं होतं. म्हणाला, "मथुराबाई, दुपारच्या सुट्टीला दीडशे माणूस बाहेर पडतंय. कायमची जागा देतो. शुक्रवारी दुपारी गाडी लाव. त्या दिवशी दिसली नाहीस तर वडापाववाला टपून बसलाय, मग माझ्याकडं येऊ नको."

शुक्रवारी मी पहाटेपासून तव्यापुढे होते. मोठं पातेलंभर पिठलं केलं, लसूण-मिरची-मोहरीची अशी फोडणी दिली की लिंबाजी लाकडं टाकून बघायला आला. भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधली. टेम्पो पुसला. पुढच्या काचेला शेवंतीची माळ लावली. कधी नव्हे ते मला वाटलं की आपल्याला कुणीतरी बोलावलंय.

निघायच्या बेतात होते आणि वळणावर शववाहिका आली. मी टेम्पो बाजूला घेतला. ड्रायव्हरशेजारी नाईकनवरे साहेब बसले होते. हातात काठी नव्हती. मागे एक रिक्षा, दोन स्कूटर. बस्स. एवढंच.

मी उतरले नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. बाईमाणसाने आत जायचं नसतं म्हणून नाही. तसलं मी काही पाळत नाही. मला ती बाल्कनी आठवली, टॉवेलाची घडी आठवली. मनात म्हणाले, तेव्हा एक शब्द तोंडातून निघाला नाही, आता काय निघणार.

थोड्या वेळाने स्कूटरवाले परत गेले. लिंबाजी हात धुवायला नळावर आला. तरी खात्रीसाठी त्याला विचारलं. म्हणाला, "साहेबाची बायको. झोपेतच गेली म्हणतात. पोरगा कॅनडात आहे, परवा पोचतोय. थांबायचं का विचारलं तर नको म्हणाला, फोनवर दाखवा म्हणाला. फोन कुणी धरायचा तेच कळंना, शेवटी मीच धरला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी सुट्टी व्हईल ना आता गिरणीची. निघ की."

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. आणि मला काकूंचं हसणं आठवलं, हॉटेलातून पनीर मागवतील म्हणतानाचं.

पातेल्यात एवढं पिठलं होतं, त्यातलं डबाभर काढून वाटेत देऊन जाता आलं असतं. पण त्याला फोडणी होती. मी इंजिन बंद केलं. शेगडी पेटवली. बेसन, पाणी, मीठ. बाकी काही नाही. चार भाकऱ्या वेगळ्या थापल्या, गिऱ्हाइकाच्या चळतीतल्या नाही घेतल्या. घाई केली नाही. बेसनाची गुठळी होऊ दिली नाही. तिकडे गिरणीचा भोंगा वाजला. नदीवरून तो नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आला.

सुयोग पार्कच्या फाटकाशी कडुनिंबाखालची जागा रिकामीच होती. वॉचमन उठून उभा राहिला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "पार्सल का? वर नाव लिहायला लागंल." मी त्याच्या वहीवरून पाय टाकल्यासारखी पुढे गेले.

दार उघडंच होतं. साहेब न्हाऊन ओल्या केसांनी जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. टेबलावर हॉटेलची पिशवी, गाठ न सोडलेली. आतून मसाल्याचा वास. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला बघून ते म्हणाले, "शेजारच्यांनी आधीच मागवलंय. तुमचं चुकून आलं असेल. किती झाले?"

"याचे पैसे नसतात, साहेब."

मी डबा खाली फरशीवर ठेवला, झाकण काढलं आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी पिठल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीवरून उठून माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले. गुडघे धरून, कण्हत बसले. गावाकडचा माणूस होता, ते त्या बसण्यात कळलं.

"कडू घास," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही खालच्या. गाडीवाल्या."

"हो."

"तुम्ही कशाला आणला? मी तर तुम्हाला..."

"तुमच्यासाठी नाही आणला. काकूंनी सांगितलं होतं."

पंखा फिरत होता. भाकरीवरची वाफ कमी होत होती. मी म्हणाले, एक घास घ्या, मग मी जाते, मला काम आहे. काम उरलं नव्हतं, पण म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली आणि हातातच धरली.

"माझ्या मनात नव्हतं तुम्हाला हलवायचं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. मला तुमची गाडी तिथं आहे का नाही, याचंही काही नव्हतं. हिनंच हट्ट धरला. म्हणाली, ती बाई आपल्या घरातलं चार ठिकाणी सांगत फिरते. तिला आधी हलवा. दोन दिवस जेवली नाही. मग मी खाली आलो."

समोर स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्यावर एकच कप उपडा होता. दाराच्या खिळ्याला भाजीची ती पिशवी लटकत होती.

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगायला माझं होतं कोण. टॉवेलाची ती घडी मला पुन्हा दिसली आणि या वेळी नीट दिसली. माणूस भुकेच्या भरात परक्यापुढे हात पसरतो, आणि पोट भरलं की ज्याने दिलं त्याचं तोंड बघवत नाही. काकूंनी भाकरीसाठी नाही, बोलण्यासाठी हात पसरला होता, एवढाच फरक. आणि मी खाली रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उभी. गिरणीच्या फाटकावर या क्षणी माझ्या जागेत वडापावचं तेल तापत होतं, आणि मी इथे बसले होते, मला हाकलणारीचा घास घेऊन.

डबा उचलून निघावंसं वाटलं. पण नेलेला घास परत आणत नाहीत.

"काय सांगायची हो ती तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मगाचा चेअरमन कुठे गेला होता कुणास ठाऊक. भाकरीचा तुकडा हातात धरून एक म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"घरात बोलायचीच नाही ती. काही विचारलं की, काही नाही. भाजी आणायला जाते म्हणायची आणि रिकामी पिशवी घेऊन यायची. मला काय कळत नव्हतं? मी बाल्कनीतून बघायचो. तुमच्या गाडीच्या पलीकडे तिच्या पदराचं नुसतं टोक दिसायचं. एवढा वेळ काय बोलायची? माझ्याबद्दल बोलायची का?"

मी म्हणाले, "भाकरी गार होतेय."

"हे बघा, मथुराबाई." माझं नाव त्यांना माहीत होतं, म्हणजे वर माझं नाव निघत होतं. "उद्यापासून गाडी खाली लावा. कडुनिंबाखाली, तुमच्या जागेवर. कायमची. अजून चेअरमन मीच आहे, कोण काय बोलतं ते मी बघतो. पाणी सोसायटीच्या नळाचं घ्या. फक्त दुपारी जरा वर येत जा. जसं आठवेल तसं सांगा. थोडं थोडं सांगा. मला घाई नाही."

त्या जागेला सावली होती. नळ होता. संध्याकाळी क्लासची पोरं तिथून सुटायची. आणि मी सकाळपासून उपाशी होते, हेही त्याच वेळी लक्षात आलं. काकूंचं एकेक वाक्य मला पाठ होतं. त्यातलं एक असं होतं की ते ऐकून तो माणूस जमिनीवरून पुन्हा उठला नसता. माझ्या जिभेवर आलं होतं ते. मी चांगली बाई नाही. तिने मला खोटं पाडलं होतं, यानं मला रस्त्यावर काढलं होतं, आणि एका वाक्यात दोघांचा हिशेब होत होता.

"पिठल्यात मीठ कमी असतं म्हणायच्या," मी म्हणाले.

"आणखी?"

"एवढंच."

"एवढंच कसं असेल?"

"एवढंच आहे, साहेब."

त्यांना कळलं. डोळे लाल झाले, पण पाणी आलं नाही. जुना चेअरमन एकदा शेवटचा वर आला. "जागा नको का तुम्हाला?"

"पाहिजे. पण त्या भाड्याची परवडत नाही."

शेवटी त्यांनी भाकरी पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली. चावत राहिले. गिळताना त्रास झाला. पण गिळला.

"कमीच आहे मीठ," ते म्हणाले.

मी उठले. डबा तिथेच ठेवला. खाली कडुनिंबाच्या सावलीतून चालत टेम्पोपाशी गेले. चावी लावली. मागे पाहिलं नाही.

गिरणीवर जाऊन आले. बळीने लांबूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. वडापाववाल्यापुढे रांग होती.

उन्हं उतरताना चिंचेखाली टेम्पो लावला. काचेवरची शेवंतीची माळ सुकून वेडीवाकडी झाली होती. घाटावर धूर उरला नव्हता. मागचं दार उघडून मी फळीवर पाय सोडून बसले. शेजारी पातेलंभर पिठलं आणि भाकऱ्यांची अख्खी चळत, तशीच्या तशी.

लिंबाजी हातपाय धुऊन आला. विचारलं, "मिळाली नाही व्हय जागा गिरणीवर?"

"नाही."

"कोण होती ती तुझी?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले.

तो घाटाजवळच्या खोपटात गेला आणि आपला डबा घेऊन आला. बायकोने सकाळी दिलेला, त्याने दुपारी खाल्ला नव्हता. दोन भाकऱ्या आणि नुसत्या उकडलेल्या डाळीचं काहीतरी. त्याने अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली.

मी म्हणाले, "अरे, माझ्याकडे शंभर भाकऱ्या आहेत."

"त्या तुझ्या आहेत," लिंबाजी म्हणाला.

आणि चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकवून समोर बसला. अंधार पडत आला, त्याच्या घरी जायची वेळ टळून गेली, तरी उठला नाही. मी घास घेईपर्यंत उठला नाही.

काकू मला काय सांगायच्या, ते तुम्ही एवढं वाचलंत म्हणून तुम्हालाही सांगणार नाही.